कारण बोला, जजसाहेब

जजने कॉइलला पाच वर्षं ठोकली. त्या गुन्ह्याला कायद्यात याहून जास्त नाहीच. कॉइलच्या वकिलाने विचारलं, का? तर जज म्हणाला, "कारण त्याचं त्याला ठाऊक आहे." बस्स! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात त्या काळी पुरी सजा द्यायची, तर हा गुन्हा त्या प्रकारातला सर्वांत वाईट का, हे जजला भर कोर्टात सांगावं लागे. याने एकही कारण दिलं नाही.

कॉइलने केलं ते केलंच होतं. कामावरून काढलं म्हणून दारूच्या भरात मालकाचं रिकामं कोठार पेटवलं. त्याची आई व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी. तिने पोराला पाठीशी घातलं नाही. "भोग आता," म्हणाली. "पण जेवढं केलंस तेवढंच."

वकील प्रुइट अपिलाला राजी नव्हता. "व्हर्नाबाई, पुढे लवकर सुटकेचा अर्ज करायचा तो याच जजकडे. आज त्याला डिवचलंत, तर पोरगं पुरी पाच वर्षं सडेल."

"आणि नाही डिवचलं तर?"

"तर कदाचित दया येईल."

"दया गेली चुलीत! मला कारण हवंय."

तुरुंगात जाऊन तिने कॉइललाच विचारलं. काचेपलीकडे तो पुढे वाकला. मग म्हणाला, "कर, आई. त्याच्या पाया पडून मला सुटायचं नाही."

वरच्या कोर्टाने सजा रद्द केली, कारणं दिली नाहीत म्हणून, आणि खटला परत त्याच जजकडे धाडला. जज लालबुंद होऊन आला. कागद धरून त्याने वाचलं, "या गुन्ह्याचा हा सर्वांत वाईट प्रकार. आरोपीला पश्चात्ताप नाही. पाच वर्षं."

व्हर्नाने पिशवी मांडीवर ओढली.

"सांगितलं होतं ना मी?" प्रुइट कुजबुजला.

तिने पिशवीतून पहिल्या सुनावणीची नोंद काढली. पान सहा तिला तोंडपाठ होतं. आगीचा बंब बोलावणारा फोन कॉइलनेच केला होता, आणि पोलीस येईपर्यंत तो रस्त्यातच उभा होता. ते आल्या आल्या त्यांना म्हणाला होता, "मी केलं. माझं चुकलं."

"इतके दिवस हा जज गप्प होता. गप्प माणसाशी भांडायचं तरी कसं?" ती प्रुइटला म्हणाली. "आज बोलला, आणि धडधडीत खोटं बोलला. तेही लेखी. काढा पेन."

प्रुइटने पेन काढलं.

बेड्या घालून नेताना कॉइलने वळून विचारलं, "पुन्हा?"

"पुन्हा!" ती म्हणाली, जजला ऐकू जाईल अशा आवाजात.