वीतभर माया

विहीणबाईंनी काहीच मागितलं नाही, तेव्हाच ताईच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण त्या दिवशी घरात आनंदीआनंद होता आणि आनंदात माणसाचे कान जरा जाडच होतात.

"हॉल तुमच्या पसंतीचा, जेवण तुमच्या पसंतीचं, पाहुणे तुम्हाला हवे तेवढे," विहीणबाई म्हणाल्या होत्या. "फोटोवाला मात्र आमचा. आमच्या घरातलं प्रत्येक कार्य तेच काढतात."

त्या गेल्यावर बाबांनी गुडघ्यावर थाप मारली. "लोक काय काय मागतात! यांनी मागून मागून काय मागितलं, तर फोटोवाला! चिमे, नशीब काढलंस बघ."

चिमी लाजली. ताईही हसली. आई गेली तेव्हा चिमी इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा फोटोतूनच ठाऊक. तिला वाढवलं ते ताईनं, शिवणयंत्राच्या खडखडाटात. ताई बायकांचे कपडे शिवायची आणि उरलेल्या कापडांतून चिमीचे. प्रत्येक झग्याच्या शिवणीत ती जास्तीचं कापड दुमडून ठेवी, म्हणजे पोर वाढली की शिवण उसवून झगा सैल करता यावा. शिवणारे लोक त्या दुमडीला माया म्हणतात. "ताईची माया मला काखेत टोचते," असं चिमी शाळेत सगळ्यांना सांगत फिरायची.

आता तिच्या लग्नाचा पोशाखही ताईच शिवत होती. तो अर्धा झालेला असतानाच दोघी बहिणी एका सकाळी फोटोवाल्याकडे गेल्या.

स्टुडिओ एका अरुंद जिन्यावर होता. आत चकचकीत फरशी, मागे राखाडी पडदा आणि भिंतीभर लग्नांचे मोठमोठे फोटो. फोटोवाला किरकोळ अंगाचा आणि मऊ आवाजाचा होता. नखं अशी स्वच्छ, जणू आत्ताच धुऊन आला असावा.

"बसा नवरीबाई. बसा ताई. मला आधी एवढंच सांगून ठेवा, की कोणाला काढायचं आणि कोणाला काढायचं."

चिमी फिस्सकन हसली. "एकच गोष्ट दोनदा काय विचारता?"

"एक नाही, दोन आहेत. पहिलं काढायचं म्हणजे फोटो काढायचा. दुसरं काढायचं म्हणजे फोटोतून काढायचं. आमच्या धंद्यात शब्द एकच. लग्नात कोणीतरी रुसतं, नंतर बोलणं बंद होतं. मग लोक जिना चढून येतात आणि म्हणतात, मामाला काढा. मी म्हणतो, मामाला तर मी मागेच काढलाय! ते म्हणतात, म्हणूनच तर आता काढा!"

चिमी हसून हसून वाकली. ताईलाही हसू आवरेना.

"आणि आमचा एक नियम आहे," तो म्हणाला, "ज्याला काढतो, त्याला एक प्रत घरपोच."

"दोन्ही अर्थांनी?" चिमीनं विचारलं.

"दोन्ही अर्थांनी. माणसाला कळायला नको?"

तो हसत नव्हता हे ताईच्या जरा उशिरा लक्षात आलं.

मग त्यानं दोघींना पडद्यासमोर उभं केलं. चिमीनं सवयीनं ताईच्या गळ्यात हात टाकला, तसा तो पुढे आला.

"हात खाली. आमच्याकडे कोणी कोणाला धरत नाही." त्यानं आपला पंजा ताणून दोघींच्या मध्ये धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर एक वीत. "एवढी जागा ठेवायची."

"बहिणी आहोत हो आम्ही," ताई म्हणाली. "भांडून आलोय असं वाटेल."

"आज वाटेल. पण कोणाचा हात कोणाच्या अंगावर राहिला, की पुढं निस्तरताना नाकी नऊ येतात."

पुढं म्हणजे केव्हा, हे ताईच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात दिवा लखकन चमकून गेला. हा माया ठेवतोय, तिच्या मनात आलं. फक्त आपण ठेवतो ती उद्या वाढवता यावं म्हणून. हा ठेवतोय ती कापता यावं म्हणून.

"तुमच्या सासरचं काम दाखवतो," असं म्हणत त्यानं एक जाडजूड आल्बम चिमीच्या मांडीवर ठेवला.

सासरची सगळी माणसं त्यात होती. विहीणबाई प्रत्येक फोटोत मधल्या खुर्चीवर. नवरामुलगा, म्हणजे चिमीचा होणारा नवरा, शाळकरी असल्यापासून होता. आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला घरीदारी सगळे दादा म्हणत. दादा अबोल होता. त्याला लग्नाची आवडच नाही, असं विहीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

एका पानावर ताईचा हात थबकला. घरातली सगळी हॉलच्या पायऱ्यांवर ठेवणीतले कपडे घालून उभी होती. दादा रांगेच्या टोकाला. अंगात नवा कोरा कोट, छातीवर फूल. कोट फार सुरेख बेतला होता. खांदा कसा, तर ओतल्यासारखा. पण उजवी बाही कोपराजवळ चुरगळली होती. सगळ्या सुरकुत्या चारी बाजूंनी येऊन एका ठिकाणी मिळत होत्या. कापडाला अशी सुरकुती आपोआप पडत नाही. कोणीतरी मुठीत धरून खाली ओढलं तरच पडते. पण तिथं मूठ नव्हती, हात नव्हता, कोणीच नव्हतं. होत्या त्या रिकाम्या पायऱ्या.

"हे कोणाचं लग्न?" ताईनं विचारलं.

"घरातलं कार्य होतं."

"फूल तर दादांच्या छातीवर आहे. त्यांचं लग्नच झालं नाही म्हणतात."

फोटोवाल्यानं आल्बम हलकेच मिटला. "म्हणतात ना? मग झालं नसेल."

घरी आल्यावर ताईनं बाबांच्या कानावर घातलं. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"बाहीला सुरकुती आहे म्हणून लग्न मोडायचं? अगं, लोकांना काय सांगू मी? दिवसभर इस्त्री करून करून तुला आता जिकडेतिकडे सुरकुत्याच दिसतात."

"मोडा नाही म्हणत मी. विचारा म्हणते."

"काय विचारू? तुमच्या थोरल्याची बाही कोणी ओढली? विहीणबाई मला वेड्यात काढतील."

चिमी दारात उभी होती. तिला नवरामुलगा मनापासून आवडला होता. दिसायला साधा, बोलायला गोड, तिच्या फालतू विनोदांवरही खळखळून हसणारा. "ताई, फोटोवाल्याकडून चूक झाली असेल गं," ती म्हणाली. पण त्या संध्याकाळी पोशाखाचं माप देताना तिनं आपण होऊन विचारलं, "सुरकुती कुठल्या बाजूला होती?"

"टोकाच्या. जिथं तुला उभं करतील तिथं."

पुढच्याच आठवड्यात विहीणबाईंनी घरी बोलावलं. लग्नाआधी एकदा सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची त्यांच्याकडे पद्धत होती. फोटोवाला तिला तालीम म्हणायचा.

बाबांच्या पायाला सूज होती, म्हणून ताई आणि चिमी दोघीच गेल्या. घर मोठं होतं आणि इतकं नीटनेटकं, की पाय टाकायला भीती वाटावी. बैठकीच्या भिंतींवर फोटोच फोटो. ताई एकेक फोटो नीट पाहत गेली. एकाही फोटोत कोणी कोणाला शिवलेलं नव्हतं. तान्हं मूलसुद्धा पाळण्यात होतं, कडेवर नव्हतं.

"या, या," विहीणबाई तोंडभर हसल्या. "चिमाबाई, किती वाळलीस! लग्नाच्या काळजीनं का?"

"नाही काकू, ताई पोशाख घट्ट शिवतेय म्हणून," चिमी म्हणाली. नवरामुलगा खळखळून हसला आणि खोलीतली हवा क्षणभर हलकी झाली.

फोटोवाल्यानं माणसं लावायला सुरुवात केली. मध्ये खुर्चीवर विहीणबाई. त्यांच्या एका बाजूला दादा. दुसऱ्या बाजूला नवरामुलगा आणि त्याच्या पलीकडे, अगदी टोकाला, चिमी. प्रत्येकाच्या मध्ये तो पंजा ताणून जागा मोजत होता. चिमीनं नवऱ्यामुलाच्या बाहीकडे हात नेला.

"हात खाली, नवरीबाई."

चिमीनं हात खाली घेतला, दिवा एकदा चाचणीपुरता लखकन चमकला आणि तिनं ताईकडे पाहिलं. लहानपणी इंजेक्शनच्या खोलीत शिरताना ती असंच पाहायची.

ताईला राहवलं नाही. "दादा," ती म्हणाली, "आल्बममधला तुमचा कोट पाहिला. फार छान शिवलाय. उजवी बाही तेवढी ओढल्यासारखी दिसते."

दादानं मान वर केली. त्याचा डावा हात आपोआप उजव्या कोपराकडे गेला आणि तिथलं कापड कुरवाळू लागला. ही सवय त्याला आजची नसणार, हे ताईला पाहताक्षणी कळलं.

"ती घट्ट धरायची," तो म्हणाला. "गर्दीत तिला भीती वाटायची."

भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"कोण ती?" चिमीनं विचारलं. तिनं नवऱ्यामुलाकडे तोंड वळवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

नवरामुलगा बुटांकडे पाहत राहिला. "आई म्हणाली होती, विषय काढायचा नाही."

"आता कुठं आहे ती?"

"ती नाही," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उलट लहान मुलाला समजवावं तसा तो गोड होता.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, बाळ. एवढे फोटो आहेत घरात. आहे का कुठं?" त्यांनी मांडीवर हात जुळवले, पाठ ताठ केली आणि समोर पाहिलं. "फोटोवाले, उशीर होतोय. काढा."

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"कोणाला?" त्यानं अदबीनं विचारलं.

असं म्हणतात की माणसाला निर्णय घ्यायला वेळ लागतो. चिमीला लागला नाही. ती रांगेतून बाहेर पडली, चकचकीत फरशी ओलांडून आली आणि तिनं ताईचा दंड मुठीत असा आवळला की ताईच्या बाहीला सुरकुत्या पडल्या. मागे दिवा लखकन चमकला. त्या दोघी दाराशी पोचेपर्यंत दादाच्या तोंडून एकच वाक्य ऐकू आलं. "बरं केलंत."

ते ऐकून विहीणबाईंनी मान वळवली आणि थोरल्या मुलाकडे एकदा पाहिलं. नुसतं पाहिलं. ताईला मात्र पुढे कितीतरी दिवस तेवढंच आठवत राहिलं.

लग्न मोडलं. ज्याची भीती बाबांना वाटत होती ते सगळं झालं. नातेवाईक आले, चहा प्यायले, चुकचुकले आणि गेले. बाबा थोडे दिवस रुसले. मग एका दुपारी त्यांनी स्वतःच चिमीला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घर पुन्हा सुरळीत झालं. चिमी रडायची ती न्हाणीघरात, नळ सोडून. ताई बाहेर शिवणयंत्र जोरात चालवायची, म्हणजे तिला मोकळेपणी रडता यावं. लग्नाच्या पोशाखाची शिवण उसवून ताईनं कापड घडी करून ठेवलं. माया भरपूर ठेवली होती, कापड कशालाही उपयोगी पडलं असतं.

आणि मग एक दिवस दारात जाड पुठ्ठ्याचं पाकीट आलं. वर चिमीचं नाव, नीटस अक्षरात.

"ज्याला काढतो, त्याला एक प्रत घरपोच," चिमी पुटपुटली आणि तिनं पाकीट फोडलं.

बैठकीतला फोटो होता. मध्ये खुर्चीवर विहीणबाई, शेजारी नवरामुलगा. त्याच्या पलीकडे, जिथं चिमी उभी होती, तिथं स्वच्छ भिंत. फरशीवर सावलीसुद्धा नाही. नवऱ्यामुलाची बाही इस्त्री केल्यासारखी सरळ.

"काय सफाई आहे बघ," चिमी हसत म्हणाली. कितीतरी दिवसांनी हसली होती. "मी कधी तिथं गेलेच नाही, ताई! सुटले!"

तिनं पाकीट उलटं केलं, तर आतून आणखी एक फोटो घसरून पडला. अगदी तसाच.

"एक प्रत तुझी," ताई म्हणाली. "ही दुसरी कोणाची?"

"तुझी असेल."

"मी कुठं रांगेत होते?"

दोघींनी फोटो खिडकीशी नेला. आणि आता ताईला दिसलं, जे पहिल्या नजरेत दिसलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं तिथं काही उरलंच नव्हतं. खुर्चीच्या दुसऱ्या बाजूलाही भिंतच होती. स्वच्छ, गुळगुळीत. दादाचा बूट नाही, बाही नाही, कोपर कुरवाळणारा हात नाही. त्याची प्रत पाठवायला फोटोवाल्याला दुसरा पत्ता सापडला नसावा.

चिमीचं हसू विरलं. "ताई, ते बरं केलंत म्हणाले होते."

ताईनं फोन उचलला. विहीणबाईंच्या घरचा नंबर लावला. पलीकडून विहीणबाईंचाच आवाज आला, तसाच गोड, तोंडभर हसल्यासारखा.

"काकू, दादा आहेत का घरी?"

मागे घड्याळाची टकटक.

"कोण दादा?" विहीणबाई म्हणाल्या.

ताईनं फोन खाली ठेवला. चिमी तिच्या चपला शोधून दारात ठेवत होती, स्वतःच्या तिनं केव्हाच पायात घातल्या होत्या. दादाची प्रत तिनं छातीशी धरली होती.

"चल," ती म्हणाली. "कुठंतरी असतीलच ना गं. ते पण, आणि ती पण."

ताईनं तिचा हात घट्ट धरला आणि दोघी घराचा जिना उतरू लागल्या.