सगळे दिवे हिरवे

बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत ती बसायची. उंच, किडकिडीत, त्यात काम वायरलेसचं. म्हणून सगळे तिला अँटेना म्हणायचे. नाव मामानं पाडलेलं. मामा आत खडक फोडणाऱ्यांचा मुकादम, आणि भाचीची खोडी काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

बोगद्यात तिनं ठिकठिकाणी रिलेचे डबे लावले होते. प्रत्येकाच्या हेल्मेटमधून ‘मी ठीक आहे’ असा संदेश निघायचा. एक डबा तो दुसऱ्याला सांगायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी तिच्या समोरच्या फळ्यावर, तो माणूस बोगद्यात जिथे असेल त्या जागी, त्याचा दिवा हिरवा व्हायचा; हेल्मेटवरचं धोक्याचं बटण दाबलं तर लाल. निदान व्हायला हवा होता. पण धूळ, ओल, यंत्रांची धडधड यात संदेश मध्येच गळायचा आणि दिवे लुकलुकायचे.

“तुझा फळा दिवसभर डोळे मारत असतो,” मामा म्हणायचा. “जरा वळण लाव त्याला.”

तिनं लावलं वळण. संदेश आला नाही, तर डब्यानं आधीचाच संदेश पुन्हा पुढे पाठवायचा, अशी युक्ती तिनं सगळ्या डब्यांना शिकवली. मग काय, एक दिवा लुकलुकेल तर शपथ. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. अँटेनाला आकाश ठेंगणं झालं.

आज दुपारी फोरमनकाका हेल्मेट काखेत मारून खोलीत आले.

“पोरी, नवी बॅटरी दे. ही सकाळी आतच मेली.”

ती उठली आणि तिनं सहज फळ्याकडे बघितलं. काकांचा दिवा हिरवागार. जागा, बोगद्याचं पार शेवटचं टोक. आणि काका तर समोर उभे, मान पुसत.

म्हणजे डबे सकाळचाच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत होते. नजर आपोआप मामाच्या दिव्यावर गेली. तोही हिरवागार.

“काका, मामा कुठंय?”

“टोकाला. बाकीचे जेवायला सुटले, तो मोजमाप घेत मागे राहिलाय. अशी पांढरीफटक का पडलीस?”

तिनं ती युक्ती बंद केली. सगळे दिवे विझले, मग एकेक करून परत लागले. काकांचा लागणार नव्हताच. मामाचाही लागला नाही.

दोघं धावत सुटले.

टोकाला छताचा खडक ढासळला होता. शेवटचा डबा त्याखाली चेपलेला, आणि शेजारी मामा, पाय दगडात अडकलेला, पण शुद्धीवर. काका पहार शोधू लागले. ती मामाजवळ गुडघ्यांवर बसली.

“धोक्याचं बटण दाबून दाबून अंगठा बधिर झाला,” मामा म्हणाला. “म्हटलं, येतीलच. फळा आता पक्का झालाय ना तुझा. काय दिसत होतं गं तिकडे?”

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं. पण तिनं खरं तेच सांगितलं.

“हिरवं.”

काकांनी पहार लावली, दगड जरासा उचलला गेला, आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा पाय बाहेर ओढला. मामा कळवळला. बाहेर नेताना त्यानं सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. एवढा गप्प मामा तिनं जन्मात पाहिला नव्हता.