टिटवीचं ओलं पोट

हॉस्पिटलात तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. आठवडाभर ती लोकांना सांगायची, श्वास रोखा, हलू नका. आणि सुट्टीच्या दिवशी तेच स्वतःला बजावत पाखरांचे फोटो काढायची. तिचा हात असा स्थिर की नवरा म्हणे, जमीन हादरली तरी हिचा फोटो हलायचा नाही.

या उन्हाळ्यात तिला लांब कुठे जावंच लागलं नाही. हॉस्पिटलमागच्या मोकळ्या जागेत, गाड्या लावतात तिथे, एका टिटवीने अंडी घातली होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. खडीत पोटाने केलेला खळगा आणि त्यात खडीसारखीच डागाळलेली चार अंडी. बाईने पहारेकऱ्याला सांगून भोवती लांबवर दोरी बांधून घेतली आणि आपल्या गाडीचंच मचाण केलं. खिडकीला काळा पडदा, पडद्याच्या फटीत लेन्स, लेन्सखाली धान्य भरलेली उशी.

तिला एकच फोटो हवा होता. टळटळीत दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, तर अंडी शिजू नयेत म्हणून. पाण्यात पोट बुडवायचं, पिसं चिंब करायची, धावत यायचं आणि त्या ओल्या पोटाने अंडी गार करायची. खाली टेकतानाचे ते थेंब बाईला पकडायचे होते.

त्या दुपारी सोबत वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, राहायला आलेली आणि घरात कंटाळलेली. तोंडाला कुलूप लावते म्हणून मागच्या सीटवर बसल्या, आणि इंजिन बंद व्हायच्या आत कुलूप उघडलंसुद्धा. दबक्या आवाजाने पाखरं बिचकत नाहीत, म्हणून बाईने चालवून घेतलं. बसलेल्या टिटवीच्या डोळ्यापुढच्या लाल कातडीला बारीक खाच होती. तिच्यावरूनच बाई तिला ओळखायची. पाणी आणताना आजवर तिने हिलाच पाहिलं होतं. जोडीदार कुंपणापाशी उभा राहून नुसता ओरडायचा. हे ऐकल्यावर वन्संना विषयच मिळाला. नवरे कुठल्याही जातीचे असोत, पहाऱ्याच्या नावाखाली उभेच राहायचे, असं त्यांचं मत पडलं.

ऊन चढलं तशी टिटवी उठली आणि धोबीखान्यामागच्या गळक्या नळाकडे तुरुतुरु गेली. तिथे रोज थारोळं असायचं. पण आदल्याच दिवशी प्लंबरने नळ दुरुस्त केला होता. तिने कोरड्या मातीत चोच मारून पाहिली, दोन चकरा घातल्या आणि कोरडीच परतली. अंड्यांवर न बसता ती पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून सावली धरून उभी राहिली.

वन्संचा जीव कासावीस झाला. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि दाराच्या कडीला हात घातला.

"वन्सं, उतरू नका," बाई लेन्सवरून डोळा न काढता म्हणाली.

"अगं, डोळ्यांदेखत पोरं भाजतील तिची. इतकी कशी निगरगट्ट तू?"

"तुम्ही उतरलात की ती उडेल. सावली गेली तर अंडी लगेच तापतील. ती जागची हललेली नाही, म्हणजे तिने हार मानलेली नाही. थांबा जरा."

बाईचा आवाज असा ठाम होता की वन्संनी बाटली मांडीवर ठेवली. रागावल्या मात्र. बाईच्या मानेवरून घाम ओघळत होता, बोट बटणावर होतं.

मग टिटवी ओरडली. एकदा, दोनदा. कुंपणापलीकडून उत्तर आलं आणि जोडीदार कुंपणावरून उडत आत उतरला. कातडीला खाच नाही, म्हणजे तोच. पोट काळपट ओलं आणि त्यातून पाणी ठिबकतंय. कुठून आणलं ते त्यालाच ठाऊक. ती बाजूला सरकली, तो पाय दुमडून अंड्यांवर टेकला, पिसं फुलवून हलला. ती लगेच उडाली, तो ज्या दिशेने आला त्याच दिशेने.

थेंब फोटोत आले होते. बाईने मागे वळून कॅमेऱ्यावरच फोटो दाखवला. वन्संनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काढ बाई, याचा आणखी एक काढ. असले दिसत नाहीत फारसे."

ऊन उतरल्यावर बाईने स्वतःच दोरीबाहेर पाण्याचं उथळ ताट ठेवलं. माणसाने नळ बंद केला, तर माणसाने पाणी ठेवावं, यात तिला काही वावगं वाटलं नाही. टिटव्यांनी मात्र त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. साळुंक्यांनी त्यात अंघोळी उरकल्या.

पुढच्या सुट्टीच्या आतच पिल्लं बाहेर आली आणि अंग वाळताच चालू लागली. वन्संनी परतीचा बेत पुढे ढकलला होता. यावेळी त्या पुढच्या सीटवर होत्या आणि लेन्स त्यांच्या हाती होती. एवढ्यात वरून घारीची सावली सरकली, आईने इशारा दिला आणि पिल्लं जागच्या जागी दबली. वन्संना खडीशिवाय काही दिसेना. गेली सगळी, म्हणाल्या.

"नजर हलवू नका," बाई म्हणाली. "तिथेच आहेत."

वन्संनी श्वास रोखला. घार दूर गेली आणि एका खड्याला पाय फुटले.