चार टायर आणि थोरली

ज्या वर्षी टायरवालीच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी टायरवालीनं आयुष्यातली पहिली गाडी घेतली. तिला तेव्हा सदुसष्टावं लागलं होतं. गाडी एका डॉक्टरीणबाईंची, जुनी, पण ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकच हवी होती. बत्तीस वर्षांपूर्वी जॅकवरून घसरलेल्या ट्रकच्या चाकानं तिच्या डाव्या पायाची बोटं नेली होती आणि नुसत्या टाचेनं क्लच दाबता येत नाही. या गाडीला क्लचच नव्हता. डावा पाय पाहुण्यासारखा बसून राहिला तरी गाडीचं काही अडत नव्हतं.

"आई, या वयात?" मुलगी फोनवर म्हणाली.

"या वयातच. आधी वेळ कुठं होता?"

वेळ खरंच नव्हता. नवरा असताना आणि नवरा गेल्यावरही, चौकातलं टायरचं दुकान तिनंच ओढलं होतं. राहायला दुकानाच्या वरच्या खोल्या. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत ती टायरवर एक थाप मारून हवा किती आहे ते सांगायची आणि काटा लावला की एखाद्या आकड्याचाच फरक निघायचा. तिच्या हाताखालून हजारो गाड्या गेल्या, पण एकही तिनं चालवली नव्हती. लायसन्सच्या परीक्षेला ती दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा आरटीओवाल्यांनी हात टेकले असं तिच्या जावयाचं मत होतं, आणि ते तो चारचौघांत बोलूनही दाखवायचा.

लायसन्सला आठ महिने झाले आणि थोरलीचा फोन आला.

थोरली म्हणजे तिची मोठी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. दोनशे दहा किलोमीटरवर मुलाकडे राहायची. हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगून टाकलं होतं.

"बारके," थोरली म्हणाली. या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "मला तुझ्याकडे घेऊन जा. ह्या खोलीत मला मरायचं नाही."

ती खोली टायरवालीनं पाहिली होती. घराच्या मागच्या अंगाला, खिडकी उघडली की हातभरावर शेजाऱ्याची भिंत. थोरलीला औषधपाणी वेळेवर मिळायचं, चादर रोज बदलायची, पण दिवसभर तिच्याशी बोलायला ती भिंतच.

थोरलीच्या मुलाला सगळे साहेब म्हणायचे. एका कार्यालयात तो मुख्य कारकून होता आणि घरातही मुख्य कारकूनच होता. टायरवालीनं त्याला तीनदा विचारलं. तीनही वेळा तो म्हणाला, "रविवारी बघू." चौथ्यांदा तिनं विचारलंच नाही. गाडी काढली आणि एका गुरुवारी दुपारी त्याच्या दारात नेऊन उभी केली.

साहेब ऑफिसातून आला, गाडी बघितली, मावशीला बघितलं आणि चहा मागवला.

"एकटी आलीस, मावशी?"

"नाही, चार टायर बरोबर होते."

"आईला प्रवास झेपणार नाही."

"ते आईला विचार."

आईला विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. जेवणं झाली, अंथरुणं पडली. उजाडताच निघायचं, असं टायरवालीनं दोनदा मोठ्यानं सांगितलं, म्हणजे नंतर कुणी ऐकलं नाही म्हणायला नको.

सकाळी सहाला ती बाहेर आली तर गाडी जमिनीला टेकली होती. चारही टायर चपट. ती एका चाकाजवळ उकिडवी बसली. व्हॉल्व्हवर टोपण नव्हतं. आत बोट लावलं तर हवा धरून ठेवणारी बारीक पिनही नव्हती, कुणीतरी फिरवून काढून घेतली होती. चारही चाकांची तीच गत. मग तिची नजर कुंपणाच्या कट्ट्यावर गेली. चारही टोपणं तिथं एका ओळीत, सारख्या अंतरावर ठेवलेली होती. असा नीटनेटका चोर त्या गल्लीत एकच होता.

तो चोर कप हातात घेऊन बाहेर आला.

"अरेरे. हवा गेली वाटतं, मावशी."

"चारही चाकांची?"

"आमचा रस्ता फार खराब आहे."

"आणि पिना? त्या पण रस्त्यानं खाल्ल्या?"

साहेबानं चहाचा मोठा घोट घेतला. "हवावाला नऊशिवाय उघडत नाही. आणि तो इथवर यायचा नाही. राहू दे आता. रविवारी बघू."

टायरवालीनं डिकी उघडली. तिथं एक पत्र्याची पेटी होती, गाडी घेतली त्या दिवसापासून ठेवलेली. पेटीत पिनांची डबी होती, नव्या-जुन्या मिळून तीसेक तरी. पायानं मारायचा पंप होता, हवेचा काटा होता, साबण होता, दोरी होती.

"अरे," ती म्हणाली, "अडवायला हवा सोडलीस, आणि सोडलीस ती कुणाची?"

समोरच्या ओट्यावर गल्लीतला शिंपी दात घासत उभा होता. तो चूळ भरून म्हणाला, "साहेब, उद्या मला अडवायचं झालं तर माझी बटणं तोडाल ना?"

साहेबाचे कान लाल झाले. तो आत गेला नाही. आत गेला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

टायरवालीनं चार पिना बसवल्या आणि पुढच्या डाव्या चाकाला पंप जोडला. गाडी कुणी हलवली नव्हती म्हणून टायरच्या कडा रिमला धरून होत्या; नाहीतर नुसत्या पायपंपानं काही जमलं नसतं. उजव्या पायानं ती दाबायला लागली. डाव्या पायाच्या टाचेवर उभं राहायचं आणि उजव्यानं दाबायचं, एक हात बॉनेटवर. शंभर झाले तेव्हा टायरनं जरा अंग धरलं. अडीचशेला तिनं काटा लावला. तेहतीस. टोपण लावलं आणि पंप उचलून दुसऱ्या चाकाकडे गेली.

"मावशी, लोक बघतायत," साहेब हळूच म्हणाला.

"बघू देत. शिकतील."

तिसरं चाक, मागचं उजवं, मात्र हट्टाला पेटलं. ती दाबेल तेवढी हवा कडेनं फुसफुसत बाहेर यायची. तिनं जॅक लावून ते चाक उचललं. टायरच्या पाठीवरून दोरी गुंडाळली, दोरीत पान्याचा दांडा अडकवला आणि पीळ देत गेली. दोरी आवळली तसा टायर मधून दबला आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी रिमला जाऊन भिडल्या. साबणाचं पाणी फिरवलं. पुन्हा पंप. या खेपेला हवा आत राहिली. टायर फट्‌ करून जागेवर बसला, तसा शिंप्यानं ब्रश खिशात ठेवला आणि टाळी वाजवली.

"मागच्या दोघांत छत्तीस भरणार," टायरवाली म्हणाली, कुणी विचारलं नसताना. "ड्रायव्हरचं दार उघड आणि खांबावरचा कागद वाच. दोन माणसांना वेगळा आकडा, भरल्या गाडीला वेगळा. ताई आहे, तिची ट्रंक आहे, खुर्ची आहे. आणि हवा मोजायची ती गार टायरमध्ये. चालून आलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो, माणूस फसतो. माझे टायर रात्रभर गार पडले होते. तेवढं काम तू बरं केलंस."

सव्वासात वाजले होते. चौथ्या चाकाला तिचा उजवा पाय लटपटायला लागला. पोटरी दगडासारखी झाली होती. तिनं पाय बदलून पाहिला, पण डाव्या टाचेखालून पंप निसटायचा. मग ती पुन्हा उजव्यावर आली आणि वीस-वीस करत, मध्ये थांबत, छत्तीसवर नेऊन सोडलं.

साहेबानं शेवटचा उपाय काढला. दाराकडे वळून तो म्हणाला, "आई, तूच सांग हिला."

थोरली दारात उभी होती. केव्हापासून ते कुणाला माहीत नव्हतं. एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर.

"मी सहापासून चपला घालून बसलेय," ती म्हणाली.

"आई, लोक काय म्हणतील? साहेबाची आई टायरच्या दुकानावर राहते?"

"मग तसंच सांग. पत्ता तोच आहे."

साहेब पायरीवर बसला. कप अजून त्याच्या हातात होता, रिकामा. तेवढ्यात त्याची बायको आतून आली. तिनं सासूचा वॉकर डिकीत ठेवला, ट्रंक आणि घडीची खुर्ची ठेवली, आणि एक पिशवी टायरवालीच्या हातात दिली.

"दोन महिन्यांच्या गोळ्या आहेत. पांढरी सकाळी, पिवळी जेवणानंतर. मी लिहून ठेवलंय, मावशी."

नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. सासूला मागच्या सीटवर बसवून पाठीशी उशी सरकवली आणि दार लावून घेतलं.

गल्ली सुटली, गाव सुटलं, मोठा रस्ता लागला. रस्ता सरळ, ऊन कोवळं, वाहनं तुरळक. पण टायरवालीचा उजवा पाय तिचं ऐकेना. पंपानं त्यातला जीव काढला होता. ॲक्सिलरेटरवर ठेवला की थरथरायचा. गाडी साठावर यायची, मग एकदम नव्वदवर जायची, मग पुन्हा खाली. मागच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला.

"बारके, गाडीला उचकी लागलीय का?"

"पायाला लागलीय."

"मग थांबूया का?"

टायरवालीला थांबायचं नव्हतं. थांबलं असतं तर साहेब त्याची गाडी घेऊन मागून आला असता, आणि दमलेल्या माणसाला समजावणं सोपं असतं. स्टिअरिंगवर अंगठ्याजवळ क्रूझचं, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणारं, बटण होतं. गाडी विकताना डॉक्टरीणबाईंनी ते नीट दाखवलं होतं आणि टायरवाली म्हणाली होती, "मी चालवणार की ती चालवणार?" त्यानंतर तिनं त्या बटणाला बोट लावलं नव्हतं.

आता तिनं समोर पाहिलं, आरशात पाहिलं. पुढं बरंच अंतर मोकळं होतं. काटा ऐंशीवर यायची वाट पाहिली आणि बटण दाबलं. मग पाय हळूच उचलला. गाडी तशीच चालत राहिली. ऐंशी म्हणजे ऐंशी. तिनं पाय ब्रेकजवळ नेऊन टेकवला, आणि पोटरीतला दगड जरासा सुटला.

थोरली पुढं वाकली. "तुझा पाय कुठंय?"

"बसलाय."

"मग गाडी कोण चालवतंय?"

"मीच. हात बघ, डोळे बघ. पाय तेवढा रजेवर आहे. ब्रेकला नुसता लावला की ही सोडून देते."

"लावून दाखव."

टायरवालीनं ब्रेकवर पाय टेकवला. गाडी मंदावली. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा ऐंशी.

"हे बरंय," थोरली मागं टेकत म्हणाली. "माझ्या संसारात असं काही असतं तर."

दोघी हसल्या. थोरलीला हसताना धाप लागली, पण ती थांबली नाही.

थोड्या वेळानं साहेबाचा फोन आला. थोरलीनं तो स्वतःच घेतला. "हो. नाही. नाही, परत नाही. आम्ही ऐंशीनं चाललोय आणि गाडीत कुणीच पाय देत नाहीये." फोन बंद करून तिनं पिशवीत टाकला. वळणं आली तेव्हा टायरवालीनं क्रूझ सोडलं आणि दुखऱ्या पायानं चालवलं. सरळ रस्ता लागला की पुन्हा बटण. दुपारी साडेबाराला दोघी दुकानासमोर उतरल्या. दुकानातल्या दोघा कारागिरांनी थोरलीला खुर्चीसकट वर नेलं.

रस्त्याकडच्या खोलीत तिची खाट टाकली. खाली दिवसभर कॉम्प्रेसर धडधडायचा आणि थोरली वरून गिऱ्हाइकांना ओरडून विचारायची, मागं किती माणसं बसणार आहेत, म्हणजे हवा किती भरायची ते. साहेब दोनदा आला. पहिल्यांदा दारातच उभा राहिला. दुसऱ्यांदा जेवला आणि जाताना खाली मावशीकडून गाडीत हवा भरून घेतली.

थोरली फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, दुकानावरच्या त्या खोलीत गेली.