दोघांनी एका ठिकाणी जेवायचं नाही

डीगनच्या खानावळीत वेंडेल क्रोय पोचला तेव्हा काउंटरजवळच्या दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. एकीवर तो बसला आणि शेजारच्या खुर्चीवर त्याने कोट ठेवला. फिलाडेल्फियात शुक्रवारी संध्याकाळी कोटाला खुर्ची द्यायची म्हणजे भांडण अंगावर ओढवून घ्यायचं, हे ठाऊक असूनही ठेवला.

"कोट काय घेणार? शिंपले की सूप?" काउंटरमागून रोझाल्बाने विचारलं. ती तिथे इतकी वर्षं जेवण वाढत होती की नवी गिऱ्हाइकं तिलाच मालकीण समजत.

"कुणीतरी येणार आहे."

"लवकर येऊ दे, राजा. बाहेर रांग लागलीय आणि त्यातली निम्मी माणसं माझ्या नात्यातली आहेत."

वेंडेल हसला आणि दाराकडे बघत बसला.

इस्पितळांतली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करत तो गावोगाव हिंडायचा. आज ह्यूस्टन, परवा शिकागो. त्याच्यासारख्याच हिंडणाऱ्या वीसेक माणसांचा फोनवर एक गट होता. त्यात बोलणं एकाच विषयावर चालायचं: कोणत्या शहरात कुठे जेवावं. नुसतं 'छान आहे' लिहिलेलं तिथे खपत नसे. खुर्ची कोणती, पदार्थ कोणता, वाढणाऱ्याचं नाव काय, सगळं सांगावं लागे. बॉस्टनच्या एका जागेबद्दल कुणी लिहिलं होतं, 'सूप घ्या, पण बेसबॉलचा विषय काढू नका. वाढपी रडायला लागतो.' वेंडेलने मुद्दाम विषय काढून पाहिला. वाढपी खरोखरच रडला.

या गटात मार्लिस ट्वेर्डिक होती. तिचं घर ड्युलुथला होतं. दुकानांतले, स्टेशनांवरचे सरकते जिने तपासायची. तिने सांगितलेली एकही जागा आजवर फसली नव्हती. कितीतरी शहरांत, ती ज्या खुर्चीवर बसून गेली त्याच खुर्चीवर आठवडाभराने वेंडेल बसला होता. तिच्या मागोमाग जेवत त्याने अर्धी अमेरिका पालथी घातली, पण तिला कधी पाहिलं मात्र नव्हतं. त्याची आई गेली तेव्हा गटात सगळ्यांनी दुखवट्याचे दोन-दोन शब्द लिहिले. मार्लिसने एकट्या त्याला वेगळं लिहिलं, 'ह्यूस्टनला आहेस ना? त्या निळ्या दाराच्या जागी जा. कोंबडीचा रस्सा माग. भिंतीकडे तोंड करून बस, तिथे कुणी काही विचारत नाही.' तो गेला, भिंतीकडे तोंड करून बसला आणि पोटभर जेवला. त्या महिन्यातलं तेवढंच एक जेवण त्याच्या लक्षात राहिलं होतं.

पुढच्या महिन्यापासून त्याचं हिंडणं बंद होणार होतं. यंत्रं आता लांबूनच दुरुस्त होणार होती आणि तो एका ऑफिसात पडद्यासमोर बसणार होता. ही शेवटची फेरी. आणि नेमकं बुधवारी मार्लिसने गटात लिहिलं, 'शुक्रवारपर्यंत फिलाडेल्फिया.'

तिला जेवायला बोलवायचं. काम एवढंच होतं. इस्पितळात यंत्र तापेपर्यंत त्याने चार वाक्यं लिहिली नि चारही पुसली. शेवटी गटाच्या रीतीप्रमाणे लिहिलं, 'आज साडेसहा. डीगन. काउंटर, डावीकडून तिसरी खुर्ची. चौथी रिकामी आहे.' शेवटच्या वाक्यातून तिला सगळं कळेल अशी त्याची समजूत होती. मार्लिसने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याला हायसं वाटलं.

आता सात वाजून गेले होते. रोझाल्बाने त्याच्यापुढे कासवाचं सूप आणून ठेवलं, शेजारी सुपात घालायच्या शेरी वाइनची छोटी बाटली ठेवली.

"मी अजून मागवलं नव्हतं," वेंडेल म्हणाला.

"माहितीये. पण उपाशी माणूस दाराकडे बघत बसला की जागेला अवकळा येते. बाई आहे का?"

"हो. म्हणजे तसं काही नाही."

"तसं काही नसलं की माणसं दाढी करून येत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. मार्लिसने फोटो पाठवला होता. निळ्या काठाची रिकामी बशी, पावाचा चुरा, घडी घातलेला रुमाल. खाली लिहिलं होतं, 'आज लवकरच जेवले. पास्क्वारेली, नववा रस्ता. खिडकीजवळचं स्टूल. भाजलेलं डुकराचं मांस, कडू पालेभाजी, झणझणीत चीज. डीगन तू घेतलंस म्हणून मी हे गाठलं. नियम म्हणजे नियम, साहेब!'

वेंडेलने फोन पालथा ठेवला.

नियम त्याचाच होता. एकदा शिकागोत गटातले तिघे एकाच संध्याकाळी एकाच जागी जेवले आणि तिघांनी एकाच मांसाचं वर्णन लिहिलं. वेंडेलला ते बघवलं नाही. त्याने ठणकावून लिहिलं, 'तीन माणसं आणि निरीक्षण एकच? दोघं एका गावात असले तर आधी बोलेल त्याची जागा. दुसऱ्याने दुसरीकडे जावं.' सगळ्यांना ते पटलं. काहींना तर सुटल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं एकट्याने जेवणाऱ्याची तोंडात घास असताना बोलायची सवय मोडलेली असते. त्या हिशेबाने वेंडेलने सकाळी मार्लिसला लिहिलं त्याचा सरळ अर्थ होता: इकडे येऊ नकोस.

"येत नाहीये?" रोझाल्बाने विचारलं.

"जेवली ती. दुसरीकडे."

"का?"

"मी इथे आहे म्हणून."

रोझाल्बाने फडकं खांद्यावर टाकलं. "अरे, मग तू तिला 'ये' म्हणालास की नाही?"

"खुर्ची रिकामी आहे असं लिहिलं होतं."

"खुर्ची!" ती शेजारच्या माणसाला म्हणाली, "ऐकलंत? याने खुर्चीकडून निरोप धाडला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ता लिही. माणसासारखं लिही."

त्याने लिहिलं, 'आज माझी शेवटची फेरी. नियम मोडून तुझ्याबरोबर जेवायचं होतं.' या वेळी पुसायच्या आत पाठवलं.

उत्तर यायला वेळ लागला. 'मग विचारायचंस ना, वेंडेल. मी बाल्टिमोरच्या गाडीत आहे. गाडी सुटली.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'जेवणानंतर दोन तास मोकळी होते मी. स्टेशनवर बाकावर बसून होते.'

नववा रस्ता काही लांब नव्हता. स्टेशनही लांब नव्हतं. त्याने सुपात शेरी ओतली आणि चमचा फिरवत राहिला. दाराशी एक जोडपं ताटकळत होतं, त्यांच्यामागे बॅग घेतलेला एकटा माणूस. रोझाल्बा कोटाकडे बघत उभी राहिली. वेंडेलने कोट उचलून मांडीवर घेतला. जोडप्याला दोन खुर्च्या हव्या होत्या, त्यामुळे बॅगवाला येऊन बसला. त्याने वेंडेलकडे न बघता भिंतीवरचा फळा वाचायला घेतला.

वेंडेलने फोन पुन्हा हातात घेतला. 'ड्युलुथमध्ये जेवायला चांगलं कुठे मिळतं?' त्याने लिहिलं, वाचलं आणि पुसलं. असं विचारलं तर ती अगदी नेमकी जागा सांगेल, खुर्चीसकट, आणि तो तिथे एकटाच जाऊन जेवून येईल.

मग लिहिलं, 'मार्चमध्ये मी ड्युलुथला येतो. तुला भेटायला. माझ्याबरोबर जेवशील?'

पाठवलं. संदेश गेल्याची एक खूण उमटली, पोचल्याची दुसरी उमटली नाही. गाडी कुठल्यातरी बोगद्यात असावी, किंवा तिने फोन बंद केला असावा. दोन्ही शक्य होतं, आणि त्यातलं कोणतं खरं हे इथे बसून ठरवता येणार नव्हतं.

"गार होतंय," रोझाल्बा जाता जाता म्हणाली.

फोन काउंटरवर उताणा ठेवून, त्याच्यावर एक डोळा ठेवत तो जेवू लागला.