एक ठोका मामांचा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. उलट्या वाटीएवढा माझा आकार, डोक्यावर एक बोंड. ते दाबलं की आतली हातोडी हलते आणि मी वाजते. एवढंच मला येतं. पण मध्यंतरी तेही येतं की नाही, असा घोर मला लागला होता. त्याचीच ही गोष्ट. तिच्यातलं सगळं मला अजूनही उमगलेलं नाही.

माझा जन्म एका म्हाताऱ्या ओताऱ्याच्या भट्टीत झाला. पितळ ओतताना तो गुणगुणायचा. मी गार झाल्यावर त्याने मला कानाशी नेलं, टिचकी मारली आणि नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "वाजणारा नुसता निमित्त. देव ऐकणाऱ्याच्या कानात बसतो." मला तेव्हा काही कळलं नाही, पण ते वाक्य माझ्या अंगात मुरलं.

पुढे मी बारा खोल्यांच्या एका लॉजच्या काउंटरवर आले. पाहुण्याने मला वाजवलं की मामा यायचे. सामान उचलणारे मामा, चादरी बदलणारे मामा, चहा आणणारेही मामाच. तिसऱ्या मजल्यावर असले तरी माझा आवाज त्यांना पोचायचा. नंतर लॉज विकलं गेलं. नव्या मालकीणबाईंनी भिंती रंगवल्या, प्रत्येक खुर्ची निराळ्या रंगाची आणली आणि त्याला बुटीक हॉटेल म्हणू लागल्या. जुन्यांपैकी आम्ही दोघंच उरलो. मामांना काळा एप्रन मिळाला आणि मला स्वयंपाकघर व जेवणाची खोली यांच्यामधल्या खिडकीत जागा मिळाली. ताट तयार झालं की आतून ताई, म्हणजे तिथली स्वयंपाकीण, मला वाजवायची. एक ठोका मामांचा, दोन ठोके चिमणीचे. चिमणी ही मामांच्या जोडीला वाढणारी बाई. चांगली दोन लेकरांची आई, पण तोंडाला खंड नाही म्हणून चिमणी.

आमच्याकडे खरी गर्दी शनिवार-रविवारी, अकराच्या सुमारास. त्याला ब्रंच म्हणतात. मित्रांनो, हे प्रकरण काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही. न्याहारी म्हणावी तर लोक सूप मागतात. जेवण म्हणावं तर केक आधी खातात. एका आजोबांनी मामांना विचारलं होतं, "अहो, ही उशिरा उठलेली सकाळ आहे की लवकर आलेली दुपार?"

"तुम्ही बसा तर खरं," मामा म्हणाले. "दोन्हींचं खाऊन घ्या, मग ठरवू."

रविवार म्हणजे मामांचा जीव की प्राण. इतर दिवशी माणसं घड्याळाकडे बघत खातात, रविवारी एकमेकांकडे बघत खातात, असं ते म्हणायचे. एरवी पाय दुखतात म्हणून कुरकुरणारे मामा रविवारी टेबलांमधून तरंगत फिरायचे.

आणि मग ते विचित्र दिवस आले. ताईने टोस्टवर ऊन ऊन अंडी ठेवली आणि मला एक ठोका दिला. मामा आले नाहीत. दुसरा द्यावा तर चिमणी धावत यायची आणि "माझं कुठंय?" म्हणून भांडायची. ताईने मला असं जोरात दाबलं की हातोडी कळवळली. तरी मामा पाठमोरेच. तोवर अंडी गार. मी गोंधळून गेले. मी वाजतेय ना? की वाजल्यासारखं फक्त मला वाटतंय?

एका रविवारी तीन ताटं परत आली. मालकीणबाई खिडकीपाशी आल्या. "मामा, हे काय चाललंय?"

मामांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घंटीचा आवाज बसलाय बाई. जुनी झाली बिचारी."

"ठीक आहे, नवी आणते. पण त्यानंतरही ताट परत आलं, तर रविवारी तुम्ही घरीच बसा. रागावू नका."

इतक्या वर्षांच्या सोबत्याने म्हटलं म्हणजे खरंच असणार. मला फडताळात ठेवलं, एका बाजूला मिरपुडीची बाटली, दुसऱ्या बाजूला फुटक्या कानाचा कप. खिडकीत विजेची घंटी आली. ती वाजली की तिच्यावरचा लाल दिवाही लागायचा. आणि काय सांगू, मामा तत्काळ हजर. प्रत्येक वेळी. मग माझी खात्रीच पटली की दोष माझाच होता.

महिनाभराने एका रविवारी, ऐन गर्दीत, त्या लाल दिव्याने मान टाकली. घंटीची किरकिर चालू होती, दिवा मात्र लागेना. मामा खिडकीपासून दोन हातांच्या अंतरावर पाठमोरे उभे राहून रुमालांच्या घड्या घालत होते. ताईने किरकिर तीनदा वाजवली. मामा हलले नाहीत. ताई थबकली. तिने त्या दिव्याकडे पाहिलं, मामांच्या पाठीकडे पाहिलं आणि मला फडताळातून काढून एकच ठोका दिला.

पार व्हरांड्याच्या टोकाला असलेली चिमणी वळली. "ताई, एकच वाजली. मामांची ना?"

म्हणजे माझा आवाज तिथवर पोचला होता. मग दोन हातांच्या अंतरावर का नाही? मला काही सुचेना. ताई मात्र ओले हात पुसत बाहेर आली, मामांना वळसा घालून त्यांच्या समोर उभी राहिली आणि हळू बोलली.

"मामा, किती दिवस झाले?"

मामांच्या हातातला रुमाल अर्ध्या घडीवर थांबला. "सहा महिने. डावा कान गेला, आता उजवाही निघालाय. ओठ बघून भागवतो. बाईंना सांगू नकोस, माझा रविवार जाईल."

"आणि गार अंड्यांच्या शिव्या मी खायच्या?"

मामा हसले, पण डोळे भरलेले. तेवढ्यात मालकीणबाई आल्याच. "पुन्हा काय बिघडलं? घंटी?"

आता मामा काय म्हणतील, याची मला धास्ती वाटली. दिव्यावर ढकलता आलं असतं, माझ्यावर तर आधीच ढकललेलं होतं. मामांनी एप्रन सरळ केला. "घंटी ठणठणीत आहे, बाई. तेव्हाही होती. कान माझे गेलेत."

बाईंनी खिडकीतली दोन ताटं उचलून मामांच्या हातात दिली आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "आधी ही पोचवा. उद्या कान दाखवायला जाऊ, मी येते. घंटीवरचा दिवा मी बदलून घेते."

आता मामांच्या कानात एक छोटं यंत्र आहे. त्याने थोडं ऐकू येतं, थोडं येत नाही. दिवाही आहे. मला मात्र पुन्हा खिडकीत बसवलंय. रविवारी दारं उघडण्यापूर्वी मामा येतात, माझ्यावर बोट ठेवून म्हणतात, "तुझ्यावर खोटा आळ घातला गं मी." मग माझ्या काठाला तळहात लावतात, ताई एक ठोका देते आणि नादाची थरथर विरेपर्यंत ते डोळे मिटून उभे राहतात. अगदी त्या ओताऱ्यासारखे.

मित्रांनो, तुम्ही हाक मारली आणि कुणी वळलं नाही, तर आवाज चढवू नका. चार पावलं चालून त्याच्या समोर जा.

ब्रंच सकाळचं की दुपारचं, हे मला अजून कळलेलं नाही. कान गेल्यावर कानातला देव कुठे जातो, हेही बरेच दिवस कळत नव्हतं. आता वाटतं, तो तळहातात उतरत असावा. कारण मामांचा हात लागला की मी जरा जास्तच वाजते.