पान कोणत्या बरणीतलं

आमिहानच्या ओठांना हिरवं लागलं होतं. जोवेलिन अंघोळ करून केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि आधी तिला तेवढंच दिसलं. मग दिसला ओला गालिचा, आडव्या पडलेल्या दोन बरण्या, आणि मधोमध बसलेली तिची चौदा महिन्यांची लेक. दोन्ही मुठींत पाला.

“नानाय!”

नानाय, म्हणजे तिच्या सासूबाई लिगाया, भाताचा चमचा हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आल्या. तोवर जोवेलिनने लेकीच्या तोंडात बोट घालून चिमूटभर चोथा काढला होता आणि तो बशीत ठेवला होता. कुणी विचारलं तर दाखवायला हवा.

“बरण्या खाली कुणी ठेवल्या?”

“मी. काचेला आतून बर्फ धरलाय बघ. मुळं गारठली असती बिचारी. म्हणून हीटरपाशी ठेवल्या.”

कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीत त्या खिडकीत नानायची बाग होती. चिरून उरलेला भाजीचा बुडखा, कांद्याच्या पातीची मुळं, गवती चहाचे दांडे, आणि अर्धं पाण्यात बुडवलेलं रताळं. त्याचा कोवळा पाला दर आठवड्याला खुडून सूपमध्ये जायचा. पहिल्या वर्षी जोवेलिनला तो सगळा पसारा वाटला होता. गेल्या महिन्यात मात्र टोपलीतल्या एका बटाट्याला कोंब आले, तेव्हा तिने स्वतःच त्याला काड्या टोचून तो बरणीत ठेवला. नानाय हसून लोटपोट झाल्या होत्या. “आमच्याकडे फिलिपिन्समध्ये नापास पोरांना म्हणतात, घरी जा नि रताळी लाव. तू पदवी घेऊन बटाटे लावतेस, पोरी!”

बटाट्याचा पाला विषारी असतो हे जोवेलिनला ठाऊक होतं. म्हणून तर तिने ती बरणी अगदी वरच्या फळीवर ठेवली होती. का ठेवली, एवढंच नानायना सांगायचं राहून गेलं होतं.

विषबाधेच्या मदत क्रमांकावरची नर्स शांत आवाजात बोलत होती. त्या शांतपणाचाच जोवेलिनला राग आला.

“रताळ्याचा पाला असेल तर काळजी नाही. बटाट्याचा असेल तर किती खाल्लाय त्यावर आहे. कोणता खाल्ला?”

“तेच तर कळत नाहीये!”

“बरं. थोडं पाणी पाजा. उलटी, जुलाब किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर लगेच इस्पितळात घेऊन जा. मी तासाभराने फोन करते.”

गुंगी. जोवेलिनने घड्याळ पाहिलं. अकरा वाजत आले होते. आमिहान रोज अकराला झोपते.

तिने लेकीला कडेवर घेतलं आणि ती चालत सुटली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. नवऱ्याला दोनदा फोन लावला; तो गोदामात शीतगृहाच्या आत होता, तिथे रेंज नसते. आमिहानने जांभई दिली. जोवेलिनने चालण्याचा वेग वाढवला.

“झोपू दे तिला,” नानाय म्हणाल्या.

“ती झोप कशाची आहे, ते तुम्हाला कळतंय का?”

“अकराची आहे.”

“नानाय, प्लीज!”

म्हातारी खाली वाकली. गालिच्यावरची पानं वेचून तिने टेबलावर मांडली. जोवेलिनही लेकीला खांद्यावर टाकून तिथे आली आणि एका हाताने तुकडे जुळवू लागली. रताळ्याची पानं बदामाच्या आकाराची, बटाट्याची लवदार, एका देठाला पाच-सात. बटाट्याच्या एका देठाचा शेंडाच नव्हता. रताळ्याच्याही दोन वेलांचे शेंडे गायब. फोनमध्ये बटाट्याचा फोटो होता, पण रविवारचा. चार दिवसांत तो किती वाढला, कुणास ठाऊक. तिने गालिचा उचलून पाहिला, सोफ्याखाली हात घातला. काहीच नाही. आणि खांद्यावर लेकीची मान कलंडायला लागली होती.

“आमी! आमी, बघ माझ्याकडे!” तिने तिला हलवलं. पोरीने भोकाड पसरलं. जोवेलिनला बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं वाटलं याचीच लाज वाटली. “मी गाडी काढते. इथे बसून वाट नाही बघवत.”

“थांब.”

नानायनी बशी ओढली, चोथा बोटाने उचलला आणि सरळ तोंडात टाकला.

“अहो! काय करताय?”

नानायनी हात वर केला. डोळे मिटून त्या सावकाश चघळत राहिल्या, पुढच्या दातांनी, मग दाढेने. जोवेलिन त्यांच्या जबड्याकडे बघत होती. वादळाने पीक गेलं त्या वर्षी नानायनी चार महिने रताळ्याचाच पाला खाऊन काढले होते, एवढं तिने नवऱ्याकडून ऐकलं होतं. नानाय स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत.

“कडू नाही,” अखेर त्या म्हणाल्या. “तुझा बटाटा जीभ पोळतो. हे माझं आहे.”

“नक्की?”

“पोरी, तुझी पदवी कागदावर आहे. माझी जिभेवर आहे.”

“पण आधी गिळलेलं दुसरं असेल तर?”

नानायनी चोथा गिळून टाकला आणि त्या सोफ्यावर बसल्या.

फोन वाजला. जोवेलिनने सगळं सांगितलं, चोथ्याचंही. नर्सने खात्री करून घेतली.

“म्हणजे आता दोघींनी खाल्लंय?”

“हो.”

“मुलीला झोपू द्या. दर पंधरा मिनिटांनी उठवून बघा, ओळखते का. आणि... आजींवरही नजर ठेवा.”

तिने तेच केलं. पंधरा मिनिटांनी गालाला हात लावायचा, पोर चिडून कूस बदलायची. मधल्या वेळात ती छातीची वरखाली मोजायची. सोफ्यावर नानायचा डोळा लागला होता. त्यांचं घोरणं थांबलं की जोवेलिन दचकून तिकडे बघायची. बटाटा तिने केव्हाच पिशवीत बांधून बाहेर टाकला होता. तरी मधूनच उठून ती रिकाम्या बरणीकडे बघून यायची.

सव्वा वाजता आमिहानने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि भुकेने किंचाळली. नेहमीचं, कान किटवणारं किंचाळणं. जोवेलिन जमिनीवरच बसली, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिला रडूच कोसळलं.

सोफ्यावरून आवाज आला, “मीपण जिवंत आहे. कुणी विचारलं नाही म्हणून सांगते.”